पाणंदीवरचा ठिपका

१

दुपारचं जेवण आटोपलं, की शर्मिला फोन घेऊन हॉलमधल्या सोफ्याच्या टोकाला बसायची. लवंडायची नाही. लवंडलं की डोळा लागणार आणि डोळा लागला की आतल्या खोलीत वाटी वाजणार, हे ठरलेलं होतं. आप्पासाहेबांना हाक मारण्याइतका दम राहिला नव्हता, म्हणून तिनंच त्यांच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, नाकातली नळी सरकली, की वाटी वाजायची. कधीकधी नुसतंच, बाहेर कुणी आहे ना, हे बघायलाही वाजायची.

आप्पासाहेब तिचे सासरे. पुण्याच्या कडेच्या मांजरी गावात त्यांची शेती होती. गाव शहरात आलं, शेतावर बिल्डिंगी आल्या आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आप्पा आले. पुढं फुप्फुसं निकामी होत गेली. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन होतं. ते दिवसरात्र चालायचं. एक लांब घरघर, मग एक सुस्कारा. शर्मिलाचा नवरा दिग्विजय मस्कतला नोकरीला होता. तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून विचारायचा, "आप्पा कसे आहेत?" ती म्हणायची, "आहेत." पुण्याच्या पेठेत वाढलेल्या बाईनं याहून लांब उत्तर देण्याचं कारण नव्हतं.

आप्पांना एकटं सोडून खाली वाण्याकडंही जाता येत नसे. त्यामुळं घर पार्सलांवर चालायचं. नळ्या, फिल्टर, मोठ्यांचे डायपर, औषधं, ताकदीची पावडर, झालंच तर कोथिंबीर. प्रत्येक गोष्टीला फोनच्या नकाशावर एक निळा ठिपका. ठिपका गोदामातून निघाला, ठिपका चौकात थांबला, ठिपका दोन घरं अलीकडं आहे. शर्मिला तो बघत बसायची.

तिच्या माहेरी, नारायण पेठेत, वडिलांकडं पोस्टानं काहीबाही यायचं. मागवलं की ते विसरून जायचे आणि पोस्टमननं हाक मारली की खूश व्हायचे. वाट बघणं असं वेगळं कधी करावंच लागलं नव्हतं, ते आपोआप मागं कुठंतरी चालू असायचं. आता ते काम झालं होतं. हातातलं काम संपवून करायचं आणखी एक काम. ठिपका हलला नाही की छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं आणि हलला की थोडं सुटायचं.

आप्पांनाही त्याची सवय लागली होती. ती खोलीत गेली की ते नळीतून श्वास ओढत विचारत, "कुटवर आलं?"

ती सांगायची, मगरपट्ट्यापर्यंत. ते मान हलवायचे. त्यांच्या दिवसात घडण्यासारखं तेवढंच होतं.

२

तो ठिपका तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा ती फिल्टरची वाट बघत होती.

फिल्टर पोहोचला, ठिपका मिटला, आणि ॲपमध्ये त्याच्याखाली आणखी एक ओळ राहिली. आउट फॉर डिलिव्हरी. नाव तिचं, पत्ता बरोबर, फ्लॅट नंबरसकट. वस्तूच्या जागी नुसतं 'एक नग'. पाठवणाऱ्याची जागा कोरी.

तिनं आठवून पाहिलं. असं काही मागवल्याचं आठवेना. पण अलीकडं तिला बरंच काही आठवत नसे. परवाच मीठ दोनदा आलं होतं. संध्याकाळी तिनं दिग्विजयला विचारलं. तो म्हणाला, त्यानं काही पाठवलेलं नाही, बहुतेक कुणाचंतरी चुकून आलं असेल, आलं की परत कर. इतक्या लांबून माणसाला सगळंच सोपं दिसतं, असं तिच्या मनात आलं.

ठिपका येरवड्यातून निघाला होता. तो फार हळू होता. स्कूटरवरचा ठिपका नकाशावर टुणटुण उड्या मारत येतो. हा सरकायचा. ती दोन मिनिटं टक लावून बघायची तेव्हा केसभर पुढं गेलेला असायचा. माणूस चालत असावा तसा. तोही वयस्कर माणूस.

ती हे बघत असतानाच तो नदीत उतरला.

तिनं नकाशा मोठा करून पाहिला. जवळपास पूल नव्हता. ठिपका निळ्या पट्ट्यावर आला, मधोमध जरा वेळ थांबला आणि या काठाला लागला. शर्मिला स्वतःशी म्हणाली, सिग्नलची गडबड आहे. टॉवर चुकीचा पकडला असेल. अशी कारणं तिला चांगली सुचायची. लग्नाआधी ती एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची.

३

कस्टमर केअरच्या मुलीनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मॅडम, तुमचं पार्सल वाटेत आहे आणि लवकरच पोहोचेल, असं सांगितलं. शर्मिलानं विचारलं की ते नक्की कुणाकडं आहे, डिलिव्हरीवाल्याचा नंबर द्या. मुलीनं कळफलकावर काहीतरी शोधलं. मग तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण या वेळी जरा हळू आवाजात. ऑर्डर रद्द करायचं बटण फिकट होतं. दाबलं तर दाबल्यासारखं वाटायचं, पुढं काही व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा डिलिव्हरीवाला साईनाथ डायपरचा खोका घेऊन आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. तिनं त्याला फोन दाखवला. त्यानं त्याच्या यंत्रात नंबर टाकून पाहिला आणि असा नंबरच नाही म्हणाला. तिनं नकाशा उघडून ठिपका दाखवला. साईनाथनं फोन हातात घेतला, उन्हाकडं पाठ करून नीट पाहिला आणि परत दिला. त्याला ठिपका दिसत नव्हता. दोन शाळा, एक हॉस्पिटल आणि मधला मोकळा रस्ता दिसत होता.

तो गेल्यावर तिनं पुन्हा पाहिलं. ठिपका होता. आता तो एका सोसायटीच्या मधून चालला होता. इमारतीला वळसा न घालता, एका भिंतीतून आत जाऊन दुसरीतून बाहेर. पुढं पोहण्याचा तलाव होता, तोही त्यानं सरळ ओलांडला. मग एका जागी तो डावीकडं वळला. तिथं वळण्यासारखं काही नव्हतं.

आत वाटी वाजली.

ती गेली. आप्पांना पाणी हवं होतं. तिनं चमच्यानं पाजलं, हनुवटी पुसली. आप्पा छताकडं बघत होते.

"वळला का?" त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, पंख्याबद्दल किंवा कुठल्या स्वप्नाबद्दल बोलताहेत. तिनं विचारलं, "कोण वळला आप्पा?"

"वढ्यापाशी पाणंद डावीकडं वळती." ते श्वास घ्यायला थांबले. "तितं बाभळ हुती मोठी. आन मग सरळ आपल्या बांधावर."

ओढा केव्हाच बुजवला होता. पाणंद, म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी ती जुनी गाडीवाट, तिनं लग्न झाल्यावर एकदाच पाहिली होती. दिग्विजयनं स्कूटरवरून दाखवली होती, दोन्ही बाजूंना ऊस होता. ती आता कुठं होती हे तिला सांगता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं.

तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं. नकाशावर ठिपका डावीकडं वळून सरळ रेषेत त्यांच्या बिल्डिंगीकडं निघाला होता.

फोनचा आवाज बंद होता. आप्पांना चष्म्याशिवाय स्वतःचा हातही दिसत नसे. ती बराच वेळ खोलीत उभी राहिली. मशीनची घरघर आणि सुस्कारा ऐकत. मग तिनं स्वतःला समजावलं, की आपण दिवसभर मोठ्यानं बोलत असणार. एकटं माणूस बोलतं. त्यांनी ऐकलं असेल.

४

सकाळी दोन तास गोदाबाई यायच्या. आप्पांचं अंग पुसणं, चादरी बदलणं, पाठीला पावडर लावणं ही कामं त्या करायच्या. पलीकडच्या वस्तीतच राहायच्या, त्यांना गावातलं जुनं माहीत होतं. शर्मिलानं त्यांना सहज विचारावं तसं पाणंदीबद्दल विचारलं. गोदाबाई म्हणाल्या, होती की, पण सांजच्याला तिच्यावरून कुणी जात नसे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बादली उचलून त्या बाथरूममध्ये गेल्या.

त्या दिवशी गुरुवार होता. दुरुस्तीचा वार, म्हणून पाणी बंद, दुपारी वीजही गेली. मशीन इन्व्हर्टरवर गेलं आणि त्याचा आवाज जरा खोल झाला. शर्मिला आप्पांच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसली. फोन हातातच होता. बघायचं नाही असं ठरवून ती बघत होती.

"आमच्या टायमाला आसं न्हवतं," आप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांना बोलायला जरा दम होता. "येनारं यायचं तवा यायचं. कवा कवा यायचं बी न्हाई. इसरून जायचं."

"आता कळतं तरी," ती म्हणाली.

"कळतं कशाचं. तू बगत बसती म्हनून त्याला यावं लागतंय."

तिनं मान वर केली. आप्पा तिच्याकडंच बघत होते. त्यांचे ओठ जांभळट पडले होते.

"नको बगू," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, डोळे मिटून, "पर तू तरी किती दमशील, पोरी."

५

तिनं फोन पिठाच्या डब्यामागं ठेवला.

हसण्यासारखंच होतं ते, हे तिलाही कळत होतं. एका आजारी म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून शिकलेली बाई फोन लपवते. पण दिवसभर तिनं तो काढला नाही, दिग्विजयचा कॉलही वाजून जाऊ दिला. दुसऱ्या दिवशीही नाही. डोकं हलकं झालं. खिडकीतून खाली बघितलं तर शेवग्याला शेंगा लागलेल्या दिसल्या, त्या आधीपासून असणार. संध्याकाळी दिग्विजयचा कॉल घ्यायला तिनं फोन काढला, तेव्हा बोलणं संपल्यावर अंगठा आपोआप ॲपवर गेला. ठिपका होता तिथंच होता. बांधाच्या टोकाला, म्हणजे आताच्या कचरा वेचण्याच्या शेडपाशी. दोन दिवसांत केसभरही हलला नव्हता.

ती बघत राहिली. मिनिटभरातच तो सरकला.

तिनं फोन पालथा घातला. मग उचलून पाहिला. तो तिथंच होता. बघत राहिली, तो सरकला. तिनं हे आणखी काही वेळा केलं. मग तिला आपल्या हातांची भीती वाटली आणि फोन पुन्हा डब्यामागं गेला.

आणखी एक दिवस निभावला. त्यानंतरच्या सकाळी आप्पांच्या नाकातली नळी कानाजवळ चिरली. तिनं चिकटपट्टी लावली, पण हवा निसटत राहिली आणि आप्पांच्या छातीचा भाता जोरात चालू लागला. जादा नळी घरात असायला हवी होती. मागवायची राहून गेली होती, कारण फोन डब्यामागं होता. जवळच्या दुकानाचा फोन कुणी उचलेना. तिनं ॲपवरून तातडीची नळी मागवली.

नळीचा ठिपका हडपसरहून निघाला. नकाशावर आता दोन ठिपके होते. एक रस्त्यानं, सिग्नलला थांबत, उड्या मारत येत होता. दुसरा बिल्डिंगीच्या मागच्या बाजूनं, हळूहळू. एकाकडं बघायचं आणि दुसऱ्याकडं नाही, असं करता येत नव्हतं. तिनं बोटानं तो कोपरा झाकून धरला. पण आप्पांचा श्वास ऐकू येत होता आणि तिला दर क्षणाला जाणून घ्यायचं होतं की नळी कुठं आहे. तिचं बोट दुखायला लागलं. तिची पाठ, मान, डोळे, सगळंच दुखत होतं. फार वर्षांपासून दुखतंय असं तिला वाटलं.

साईनाथ नळी घेऊन आला. तिनं धावत जाऊन ती बदलली. आप्पांचा श्वास ताळ्यावर आला. ती भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली, तेव्हा फोन मांडीवर होता आणि त्यावर एकच ठिपका राहिला होता. तो तिच्या घराच्या खुणेवर होता. बरोबर वर.

६

भर दुपार होती. खाली कुठंतरी टाइल्स कापायचं मशीन चालू होतं, ते बंद झालं. फोनवर संदेश आला, पार्सल घेताना सांगण्यासाठी चार आकडी ओटीपी. तिनं तो वाचला आणि फोनचा पडदा बंद केला.

लिफ्टचा आवाज आला नाही. बेल वाजली.

ती उठली नाही. बेल पुन्हा वाजली, मग पुन्हा, तेवढ्याच अंतरानं, तेवढाच वेळ. घाई नसलेल्या माणसानं वाजवावी तशी. ती उठून हॉलमध्ये आली. दाराच्या काचेच्या भोकातून नेहमी समोरच्या फ्लॅटचं दार आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं तोरण दिसायचं. तिनं डोळा लावला. अंधार होता. कुणीतरी दाराला अगदी लागून उभं असावं. किंवा त्यानं हात ठेवला असावा. तिनं हेही मनात म्हणून पाहिलं, की पॅसेजमधला दिवा गेला असेल. पण पॅसेजला खिडकी होती आणि बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

"ओटीपी," बाहेरून आवाज आला.

आवाजात वाईट असं काही नव्हतं. साधा, थकलेला आवाज होता. दिवसभर सात-सात मजले चढणाऱ्या माणसाचा असावा तसा. तिनं दोन्ही हात दारावर ठेवले. कडी लागलेली होती, साखळी लागलेली होती. आपण बोललो नाही तर तो जाईल, असं तिनं ठरवलं. घरी कुणी नव्हतं, असं तो लिहील आणि जाईल. असंच करतात सगळे.

बाहेर शांतता होती. आत मशीनची घरघर, सुस्कारा.

मग आतल्या खोलीतून आप्पा बोलले.

"सात," ते म्हणाले. "शून्य. शून्य. चार."

आवाज स्वच्छ होता. मधे दम न लागता. तिनं लग्न होऊन आल्यावर जो आवाज बांधावरून मजुरांना हाका मारताना ऐकला होता, तो. तिनं ओटीपी कुणाला वाचून दाखवला नव्हता. फोन तिच्या कमरेला खोचलेला होता आणि तो तिथं थरथरला.

ती दारापासून हलली नाही. डोळा भोकालाच होता. अंधार विरला, समोरचं दार दिसलं, तोरण दिसलं. पॅसेजमध्ये ऊन होतं आणि कुणी नव्हतं. हे पाहिल्यावर तिला पहिल्यांदा जाणवलं, की मशीनचा आवाज बंद झाला आहे.

७

आप्पा पलंगावर झोपले होते. नवीन नळी नाकातून काढून नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली होती. मशीनचं बटण बंद केलेलं होतं. ते बटण पलंगावरून हाताला येत नसे. शर्मिलानं धावत जाऊन आधी ते चालू केलं, मग आप्पांचं तोंड पाहिलं. ओठ लालसर होते. छाती सावकाश वरखाली होत होती, आवाज न करता. तिनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून पाहिलं. आकडा इतका चांगला होता, की तिनं ते स्वतःच्या बोटाला लावून तपासलं.

मग तिनं फोन काढला.

डिलिव्हर्ड. त्याखाली, पार्सल दिल्याचा पुरावा म्हणून काढतात तो फोटो होता. दारासमोर ठेवलेल्या खोक्याचा असतो तसा असेल, म्हणून तिनं तो उघडला.

फोटो आप्पांच्या खोलीतला होता. खिडकीच्या बाजूनं काढलेला. आप्पा पलंगावर उठून बसले होते, पाय खाली सोडून. कित्येक महिन्यांत ते बसले नव्हते. त्यांनी नळी काढून हातात घेतली होती आणि एक हात पुढं केला होता, उठताना कुणाचा आधार घ्यावा तसा. त्यांच्या मागं पलंगावर, उशीवर, कुणाचं तरी डोकं होतं. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली होती, चेहरा भिंतीकडं होता. आणि खोलीच्या उघड्या दारातून हॉल दिसत होता. हॉलच्या टोकाला बाहेरच्या दाराला डोळा लावून, दोन्ही हात दारावर टेकून, पाठमोरी शर्मिला उभी होती.

तिनं मान वर करून पलंगाकडं पाहिलं.

पलंगावरचे डोळे उघडे होते.

"शर्मिला," ते म्हणाले, "आपण जेवलात का?"

८

डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. नवीन औषध लागू पडलं असणार. त्यांनी आप्पांना चालून दाखवायला सांगितलं. आप्पा खोलीतून हॉलपर्यंत आणि परत गेले, वळताना त्यांनी कशालाही हात लावला नाही. दिग्विजय व्हिडिओवर रडला. आप्पा त्याला म्हणाले, "तू तब्येतीला जप. इथली काळजी करू नकोस. इथं सगळं ठीक आहे." दिग्विजयनं नंतर तिला वेगळा फोन केला. म्हणाला, आप्पा किती छान बोलताहेत. ती म्हणाली, "हो, शुद्ध बोलताहेत." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. टीव्हीमुळं असेल, असं तिनंच स्वतःला सांगितलं. दिवसभर बातम्या लावलेल्या असायच्या.

वाटी वाजेनाशी झाली. ते काही मागत नसत. सकाळी ती उठायच्या आत त्यांनी आपली चादर घडी करून ठेवलेली असायची.

गोदाबाई सवयीप्रमाणे अंग पुसायला आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. बादलीतलं पाणी ओतून दिलं, हात पुसले आणि उद्यापासून येत नाही म्हणाल्या. शर्मिलानं कारण विचारलं. त्यांनी चपला घातल्या, मग दारात थांबून खालच्या आवाजात बोलल्या.

"म्हाताऱ्याच्या पाठीवर बैलानं मारल्याचा वण हुता, वहिनी. मी रोज पुसायची. तेवढं तुमी बगा."

शर्मिलानं पाहिलं नाही. आप्पा आता अंघोळ स्वतः करत होते. पाहायचं म्हटलं असतं तरी कारण नव्हतं.

९

ॲपमधली ती ओळ गेली नव्हती. डिलिव्हर्ड, त्याखाली फोटो, आणि फोटोखाली एक बटण. हे फिकट नव्हतं. वस्तू परत करा. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

नकाशाही उघडत होता. तिनं तो शनिवारी दुपारी उघडला. ती बघू लागली तसा ठिपका परत निघाला. बांधावरून, जिथं बाभळ होती तिकडं. येताना तो सारखा एका चालीनं आला होता. आता तो थोडा चालायचा आणि थांबायचा. थोडा चालायचा, थांबायचा. तिनं त्या थांबण्याकडं बघितलं आणि ते तिला लगेच ओळखू आलं. दम लागल्यावर आप्पा पलंगावरून बाथरूमपर्यंत असेच जायचे, ते उठू शकत होते तेव्हा. भिंतीला हात लावून, खाली मान घालून, पुढच्या श्वासाची वाट बघत.

तिनं फोन खाली ठेवला. मग तिच्या लक्षात आलं, की ती बघत नसली तर तो हलणार नाही. तो तिथंच उभा राहील. बुजवलेल्या ओढ्याच्या अलीकडं, उन्हात, नळीशिवाय. ती बघत राहिली तर तो जाईल, नदीकडं, पलीकडं. आणि बटण दाबलं तर मागं फिरेल. घरी येईल. वाटी वाजेल.

रात्री ती जागी होती, पण तिनं फोन पाहिला नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. आप्पांनी चहा केला होता. तिच्यासाठी कपात, बशी झाकून. त्यांना चहा करता येत नसे, जन्मात त्यांनी गॅस पेटवला नव्हता. चहा चांगला होता. साखर तिला लागते तेवढीच होती. ते समोर बसले. तिच्याकडं प्रेमानं बघत होते, असं कुणीही म्हटलं असतं.

"आपण फार दमलात," ते म्हणाले. "जरा पडा. मी आहे."

तिनं बटणावर अंगठा ठेवला होता. फोन टेबलाखाली, मांडीवर होता. पुन्हा सगळं येईल, हे तिला दिसलं. डायपर, कूस बदलणं, रात्रीचा तो आवाज, छातीचा भाता, आणि शेवटी एका पहाटे तो बंद पडणं, तेही तिच्याच हातांत, कारण दुसरं कुणी नसणार. तिला आप्पा आवडायचे. लग्नात तिच्या माहेरच्यांच्या मानपानावरून कुरबुर झाली तेव्हा सासरच्या सगळ्यांत एकटे तेच तिच्या बाजूनं उभे राहिले होते. 'पोरी' म्हणणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिचा अंगठा खाली जाईना. श्रमानं जाईना, बाकी कशानं नाही, असं तिला वाटलं. किती वर्षांत ती दुपारची आडवी झाली नव्हती.

तिनं अंगठा उचलला आणि ती सोफ्याकडं गेली. फोन सोफ्याच्या उशीखाली सरकवला आणि त्याच उशीवर डोकं टेकलं. पंखा फिरत होता. घरात दुसरा कुठलाही आवाज नव्हता. स्वयंपाकघरात कुणीतरी कप विसळला, नळ अगदी हळू बंद केला आणि जाताना खिडकीचा पडदा ओढून घेतला, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून.

तिला जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मुदत संपून गेली होती. तिच्या अंगावर पांघरूण होतं, पायांपाशी नीट दुमडून खोचलेलं.